ऑल्टमाँटचा माहितीपट नेमकी कुणाची बाजू घेतो?

अनुपमा: ६ डिसेंबर १९६९ रोजी कॅलिफोर्नियातील ऑल्टमाँटच्या मोटार-शर्यतींच्या मैदानावर ‘रोलिंग स्टोन्स’ या ब्रिटिश रॉक बँडची विनामूल्य मैफल झाली. तीत मेरेडिथ हंटर या १८ वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाला, मंचाच्या राखणीला बसवलेल्या ‘हेल्स एंजल्स’ या मोटारसायकल टोळीतील एकाने भोसकले. मेझल्स बंधू आणि शार्लट झ्वेरिन यांच्या ‘गिमी शेल्टर’ (१९७०) या माहितीपटात ते दृश्य आहे आणि माझा आक्षेप त्याच्या मांडणीला आहे. संकलनाच्या टेबलापाशी बसलेला बँडचा गायक मिक जॅगर ती फीत पुन्हा लावायला सांगतो आणि प्रेक्षकाचे लक्ष जीव गमावलेल्या तरुणावरून उठून जॅगरच्या चेहऱ्यावर जाते. हंटर कोण, कुठला, याचा पत्ताच लागत नाही. ज्याच्या मैफलीत तो मेला त्या गायकाची अस्वस्थता मात्र निगुतीने टिपलेली आहे.

श्रीधर: अनुपमाताई, आपल्याला अस्वस्थता दिसली, मला त्या चेहऱ्यावर काहीच सापडले नाही आणि दिग्दर्शकांनी शेवटी तो पडद्यावर गोठवला तो त्यासाठीच, असे माझे मत आहे. शिवाय बँडचा वकील मेल्विन बेली याच्या कचेरीत, मैफल तोंडावर आली असताना, जागेसाठी चाललेली घासाघीस आपण विसरता. मंचावर त्याच मैफलीतल्या ‘जेफरसन एअरप्लेन’ या बँडचा गायक मार्टी बालिन याला टोळीने बेशुद्ध पाडले, तेही चित्रपटात आहे आणि तरीही पुढे ‘स्टोन्स’ गायला उभे राहिले, हेही आहे. बँडला पाठीशी घालायचे असते, तर यातले बरेच काही कात्रीखाली गेले असते.

विनय: श्रीधर, जागा का बदलली तेही सांगा. मैफल आधी जिथे ठरली होती, त्या सिअर्स पॉइंट या शर्यतींच्या मैदानाच्या मालक कंपनीने चित्रपटाच्या वितरणाचे हक्क मागितले, बोलणी फिसकटली आणि मैफल ऐनवेळी ऑल्टमाँटला गेली. तिकडे उताराच्या माथ्यावर शोभणारा बुटका मंच इकडे उताराच्या पायथ्याशी आला आणि वरची सगळी गर्दी त्यावर लोटली. चित्रपट हाच भांडणाचा एक विषय असताना चित्रपटकारांना त्रयस्थ कसे म्हणायचे?

श्रीधर: त्रयस्थ नसतील, पण त्यांची फीत न्यायालयात पुरावा म्हणून दाखवली गेली, हे नाकारता येत नाही. हंटरच्या मैत्रिणीच्या फिकट, विणलेल्या पोशाखावर त्याच्या हातातील पिस्तुलाची काळी आकृती क्षणभर उमटते. ती चौकट नसती, तर ‘पिस्तूल होते’ आणि ‘नव्हते’ यांचा वाद आजही चालू राहिला असता.

अनुपमा: पुराव्याचे म्हणाल, तर १९७१ मध्ये ज्युरीने स्वसंरक्षणाच्या मुद्द्यावर आरोपीला निर्दोष सोडले आणि त्यात त्या चौकटीचा वाटा मोठा होता. पिस्तूल बाहेर येण्याआधी टोळीने हंटरला मारहाण केली, असे काही प्रत्यक्षदर्शींनी सांगितले होते. ती मारहाण त्या चौकटीत नाही. फीत थांबवून, मागे नेऊन जॅगरला आणि आपल्याला जे दाखवले जाते, ते पिस्तुलापासून सुरू होते.