उष्णता शोषली जाते, कोंडली जाते की परावर्तित होते?

प्रश्न: हरितगृह परिणामाबद्दलच्या लेखांत तीन क्रियापदं आलटून पालटून दिसतात. वातावरण उष्णता 'शोषतं', उष्णता 'कोंडली जाते', आणि वायू उष्णता 'परावर्तित करतात'. तिन्हींचा अर्थ एकच धरायचा का?

उत्तर: नाही. 'परावर्तित' तर सरळ खोडा. परावर्तनात किरण शोषला न जाता माघारी फिरतो. बर्फ आणि ढग ऊन परावर्तित करतात, पण त्याने पृथ्वी थंड राहायला मदत होते! कार्बन डायऑक्साइडचं काम वेगळं आहे. ऊन हवेतून बरंचसं आरपार येतं, जमीन आणि पाणी तापतं आणि तो तापलेला पृष्ठभाग अवरक्त किरण (डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण) सोडतो. हे किरण बाष्प, कार्बन डायऑक्साइड, मिथेन शोषतात. कार्बन डायऑक्साइडचा रेणू साधारण 15 मायक्रोमीटर तरंगलांबीचा किरण शोषून वाकत थरथरू लागतो. बहुतेक वेळा शेजारच्या रेणूंशी टक्कर होऊन ती ऊर्जा हवेत वाटली जाते. अशा तापलेल्या हवेतले हेच वायू पुन्हा चहूदिशांना अवरक्त किरण सोडतात, त्यातले बरेच खाली येतात. म्हणून 'शोषण' आणि 'उत्सर्जन' ही जोडी एकत्रच वापरावी. (कोरड्या हवेचा 99 टक्के भाग नायट्रोजन आणि ऑक्सिजनचा, पण या शोषणात त्यांचा हात जवळपास नाहीच.)

आणखी एक: बोलताना 'कोंडली जाते' म्हटलं तर काय बिघडलं?

उत्तर: बोलताना चालून जाईल. लिहिताना मात्र कोंडणे म्हटलं की दार बंद, बाहेर वाटच नाही, असा अर्थ लागतो. तसं असतं तर तापमान चढतच गेलं असतं. प्रत्यक्षात उष्णता अवकाशात जाते, पण वायू वाढले की ती अधिक उंचावरच्या, थंड थरातून निसटते. थंड थर कमी ऊर्जा सोडतो, त्यामुळे आवक-जावक जुळेपर्यंत खालचं सगळं तापत राहतं. मला 'धरून ठेवणे' बरं वाटतं, त्यात सुटकेला जागा आहे. या धरून ठेवण्यामुळेच पृथ्वीचं सरासरी तापमान उणे 18 ऐवजी सुमारे 15 अंश सेल्सिअस आहे.

तिसरे: मग 'हरितगृह' तरी कुठे बरोबर आहे?

उत्तर: फारसं नाही. काचघर तापतं ते मुख्यतः आतली गरम हवा वर निघून जाऊ शकत नाही म्हणून. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी 1909 मध्ये एका खोक्यावर काच आणि दुसऱ्यावर सैंधवाची तबकडी लावून पाहिलं. सैंधवातून अवरक्त किरण आरपार जातात, तरी दोन्ही खोकी जवळपास सारखीच तापली. म्हणजे 'कोंडणे' हे क्रियापद काचघरातल्या हवेला चपखल बसतं, वातावरणाला नाही. पण 'हरितगृह' आता इतकं रुळलंय की बदलायला जाऊ नये.

प्रश्नकर्ता: मग वाक्य असं चालेल का? 'हरितगृह वायू पृष्ठभागाकडून येणारे अवरक्त किरण शोषतात आणि सर्व दिशांना उत्सर्जित करतात, त्यामुळे पृष्ठभागाजवळची उष्णता धरून ठेवली जाते.'

उत्तर: चालेल. फक्त 'उत्सर्जित करतात' ऐवजी 'सोडतात' लिहा, शाळकरी मुलांनाही कळेल.