पोस्ट-पंक गीतांतील हताशा: भोगलेली की वाचलेली?

टिळकवाडीचा श्रोता:
खानापूर-बेळगाव असा रोजचा रेल्वेप्रवास करताना गेले काही महिने मी जॉय डिव्हिजन या, पंक रॉकच्या पाठोपाठ आलेल्या पोस्ट-पंक धारेतील इंग्लिश बँडचे ‘अननोन प्लेझर्स’ (१९७९) आणि ‘क्लोजर’ (१९८०) हे अल्बम ऐकतो आहे. त्यांचा गायक आणि गीतकार इयन कर्टिस याने १८ मे १९८० रोजी, वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी, आत्महत्या केली हे कळल्यापासून मला त्याच्या प्रत्येक ओळीत मरणाची पूर्वसूचना दिसू लागली असून, मी गाणे ऐकतो आहे की पंचनामा वाचतो आहे, हेच समजेनासे झाले आहे. ‘पोर्नोग्राफी’ (१९८२) हा द क्युअर या त्याच धारेतील बँडचा अल्बम तितकाच काळोखा असला तरी त्यांचा गायक रॉबर्ट स्मिथ वयाची साठी ओलांडूनही गातो आहे. मग एकाची हताशा खरी आणि दुसऱ्याची निव्वळ भूमिका मानायची काय?

निपाणीकर:
दादा, मर्ढेकर वाचताना आपण असा दाखला मागत नाही. स्मिथची हताशा काही अंशी वाचनातून आली, हे खरे. द क्युअरचे पहिलेच प्रकाशित गाणे फ्रेंच लेखक काम्यूच्या कादंबरीवर बेतलेले होते. पण कर्टिसचे ‘शी’ज लॉस्ट कंट्रोल’ (‘तिचा ताबा सुटला’) हे ‘अननोन प्लेझर्स’मधले गाणे घ्या. तो रोजगार कार्यालयात अपंगांना काम मिळवून देण्याची नोकरी करीत असे आणि तिथे येणाऱ्या, अपस्माराचा विकार असलेल्या एका तरुणीवरून त्याला हे गाणे सुचले. त्याला स्वतःला तोच विकार असल्याचे निदान जानेवारी १९७९ मध्ये झाले आणि एप्रिलमध्ये अल्बम ध्वनिमुद्रित झाला. तरीही गाण्यात ‘ती’च राहिली. दिवसभर दुसऱ्यांच्या अडचणी ऐकून अर्ज भरणाऱ्या कारकुनाची ही भाषा आहे. तिच्यात कळवळा जवळजवळ नाही, नोंद आहे, आणि मला तरी भीती वाटते ती त्या नोंदीचीच.

उद्यमबागेतला रात्रपाळीवाला:
आपण शब्दांनाच सगळे श्रेय देत आहात. निर्माता मार्टिन हॅनेट याने त्याच अल्बममधील ‘इनसाइट’ या गाण्याच्या आरंभी लिफ्टचा आवाज घेतला, ड्रमचे आवाज एकमेकांपासून सुटे केले आणि मधल्या जागा रिकाम्या ठेवल्या. आमच्या फाउंड्रीत वीज गेली आणि यंत्रे एकदम थांबली की शेडमध्ये जे ‘ऐकू येते’, ते मला या अल्बममध्ये सापडते. बँडमधील पीटर हुक आणि बर्नार्ड समनर यांना हा आवाज सुरुवातीला मुळीच रुचला नव्हता, कारण रंगमंचावर ते कितीतरी आक्रमक वाजवीत. तेव्हा ज्या भयाला आपण कर्टिसचे म्हणतो, त्यातला मोठा वाटा हॅनेटचा आहे.

टिळकवाडीचा श्रोता:
निपाणीकर, ‘ती’विषयी आपण म्हणता ते मला पटले, इतके दिवस मी तिथे परस्पर ‘मी’ ऐकत होतो. हॅनेटविषयी मात्र शंका आहे. ‘स्टिल’ (१९८१) या संग्रहात जॉय डिव्हिजनचा २ मे १९८० रोजी बर्मिंगहॅम विद्यापीठात झालेला शेवटचा कार्यक्रम आहे. त्यात ती पोकळी नाही, वादनात चुकाही आहेत, आणि तरीही काल देसूर स्थानक मागे पडेपर्यंत मला तो बंद करता आला नाही.

उद्यमबागेतला रात्रपाळीवाला:
तो मी ऐकलेला नाही. आज पाळी सुटल्यावर ऐकतो आणि लिहितो.