जुन्या ट्रकची पुढची काच आणि रबर बदलायचंय

रावेर_केळीभाडं
राम राम मंडळी. १९९६ मॉडेलचा सहाचाकी आहे, पुढची काच एक अखंड, रबरात बसवलेली. खालच्या डाव्या कोपऱ्यातून तडा गेलाय. रबर कडक होऊन कोपऱ्यांत चिरलंय, पाऊस आला की पाणी डॅशबोर्डच्या मागे वायरिंगवर उतरतं. जुनंच रबर चालवावं का? काच कोणती घ्यावी? दोरी लावून बसवायची पद्धतही कोणी नीट सांगा. मृगाच्या आत उरकायचंय.

काचकाम_भुसावळ
भाऊ, चिरलेलं रबर परत वापरू नका. काच लॅमिनेटेडच घ्या, म्हणजे मध्ये प्लास्टिकचा पातळ थर घालून दोन काचा चिकटवलेली; पुढच्या काचेला कायद्याने तीच लागते. कडेला दोन काचांच्या मधली बारीक रेघ दिसते का पाहा, आणि आयएसआय शिक्काही पाहून घ्या. दुकानात जाताना जुन्या रबराचा वीतभर तुकडा सोबत न्या. रबराला दोन खाचा असतात, एकीत काच बसते, दुसरीत चौकटीचा पत्रा; दोन्हींची रुंदी जुळली पाहिजे. आधीची काच ५ मिमीची असेल आणि नवीन ६ च्या वर भरली, तर तेच रबर ताठ बसतं आणि कोपरा सोडतं.

काढताना आधी वायपर काढा. मग लॉकपट्टीचं (रबर घट्ट करायला त्यात बाहेरून बसवलेली पट्टी) टोक उचलून ती ओढून घ्या, रबराची बाहेरची ओठी, म्हणजे कड, ब्लेडने कापा. आतून वरच्या दोन्ही कोपऱ्यांवर तळहाताने दाब द्यायचा, बाहेर दोन माणसं झेलायला उभी हवीत.

आता खरं काम चौकटीचं. कोपऱ्यातून गेलेला तडा बहुतेक वेळा पत्र्यामुळे असतो. गंजाचा फुगवटा, वेल्डिंगची गाठ किंवा पोचा, त्या एका जागी काचेवर जोर येतो. नवीन काचही तिथेच जाईल. तारेच्या ब्रशने खरवडा, भोक असेल तर तुकडा जोडून ग्राइंडरने सपाट करा, रेडऑक्साइड (गंज रोखणारं अस्तर) आणि रंग लावून पूर्ण वाळू द्या. मग कडेवरून बोट फिरवा. बोटाला लागलं तर काचेलाही लागणार.

बसवताना घोंगडीवर काच ठेवून तिला रबर चढवा. रबराच्या पत्र्यासाठीच्या खाचेत ४-५ मिमीची गुळगुळीत नायलॉन दोरी सगळीकडून भरा. दोन्ही टोकं खाली मधोमध वीतभर एकमेकांवरून न्या आणि आत केबिनमध्ये सोडा. पत्र्याला आणि रबराला साबणाचं पाणी लावा. ऑइल, डिझेल अजिबात नाही, रबर फुगतं. बाहेरचा माणूस दाबेल तिथेच आतल्याने दोरी काचेच्या मध्याकडे ओढायची, म्हणजे ओठी पत्र्यावर उलटते. आधी खालची बाजू, थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे. मग कोपरे, वरची बाजू शेवटी. अडकलं तर स्क्रू ड्रायव्हर घालू नका, काचेची कड टवकते. लाकडाची पाचर वापरा.

धुळे_बॉडीबिल्डर
वरचं सगळं बरोबर. रबर मीटरवर घेत असाल तर २-३ सेंमी जास्त कापा, ते आकसतं. सांधा सरळ बाजूला, कोपऱ्यात कधीच नाही. लॉकपट्टीही सेंटिमीटरभर जास्त ठेवा, तिचा सांधा रबराच्या सांध्यापासून लांब.

सिलंट काळा, न सुकणारा घ्या, बाहेरच्या ओठीखाली नळी घालून भरा. व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन पत्र्याला गंज आणतो.

रावेर_केळीभाडं
उन्हात केलं तर रबर नरम पडेल ना?

काचकाम_भुसावळ
रबर तासभर उन्हात ठेवा, चांगलंच. पण काच बसवायची सकाळी, सावलीत. इथल्या मे महिन्यात दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं तर तडा जाऊ शकतो, भो.

झालं की पाइपाने पाणी सोडून बघा, जोर कमी ठेवा, खालून सुरुवात करून हळूहळू वर चढा. आत एकाने बॅटरी घेऊन बसायचं. एकदम वरून सोडलं तर ओघळ कुठून आला ते कळत नाही. काच कोरडी आणि डॅशबोर्ड तरीही ओला, तर वायपरच्या दांड्याचं रबर आणि टपाचा सांधा तपासा.