घर आवरायच्या वस्तूंचा ब्रँड काढतेय, पहिला माल कोणता घेऊ?

माळ्यावरची (जळगाव): साडी कव्हर, गोधडीच्या पिशव्या, डबे, बेडखालच्या पेट्या... चाळीस वस्तूंची यादी झालीय. हातात दीड लाख, त्यापुढे एक रुपया नाही. सुरुवात कशाने करू? नि विकू कुठे?

सुरत_पॅसेंजर: दीड लाखात काय होतं? पाच तरी काढा. नंदुरबारहून गाडीत बसा नि सुरत गाठा. मी नॉनवोव्हन साडी कव्हरं पोत्याने आणली, धुळ्यात दोन दिवसांत खपली. चाळीस काय, शंभर वस्तू ठेवा.

भुसावळ_४७: पोत्याने आणली ना भो? आमच्या घरच्या कव्हराची चेन पहिल्याच दिवाळीत निघाली. प्लॅस्टिकच्या पेट्याही नको. पत्र्याच्या खोलीत ठेवल्या होत्या, मे महिन्यात ४५ डिग्रीत झाकणं वाकली ती परत बसलीच नाहीत. लोखंडी पेटी घ्या. वडिलांची अजून ठणठणीत आहे.

नानी_अमळनेर: ओ माय, लोखंडी पेटीला ब्रँड कशाला? भांड्यांच्या दुकानात मिळते. खरा पसारा उन्हाळ्यात, अखाजीच्या म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आसपास. वर्षाचा गहू, बिबडे, कुरडया, शेवया. उंच डब्यात कुरडया दाबल्या की खाली चुरा. रुंद, उथळ डबा कुणी देतच नाही.

भुसावळ_४७: कुरडया कापडी पिशवीत टांगायच्या असतात.

नानी_अमळनेर: टांगा. उंदीर आले की इथेच सांगा.

सुरत_पॅसेंजर: आम्ही पिंपात ठेवतो. काही होत नाही.

हिशेबनीस_धुळे: कुरडया पुरे. ताई, मी चादरींचे बारा प्रकार एकदम उचलले होते. तीन चालले, नऊ अजून आमच्या दिवाणात आहेत. आधी दहा घरं बघा, टेप घेऊन. बेड ६ बाय साडेसहाचा असला तरी खालची उंची प्रत्येकाची निराळी. एकच वस्तू, ५० नग, ते संपले की पुढची. भाव काढताना परत येणारा मालही धरा, तिथेच मी मेलो. परराज्यात माल पाठवायचा तर जीएसटी नोंदणी लागते. राज्यात ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत सूट आहे, आणि ऑक्टोबर २०२३ पासून ऑनलाइन बाजारातही राज्यापुरतं तसं विकता येतं, फक्त जीएसटी पोर्टलवरून नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो.

सून_चोपडा: आमची एक खोली कापसाने भरलीय. भाव येईस्तोवर सासरे विकत नाहीत. ती आवरून देणारा ब्रँड असेल तर कळवा. आणि 'नको ते टाकून द्या' असलं काही छापू नका. आमच्याकडे दुधाच्या पिशव्यासुद्धा धुऊन ठेवतात.

सुरत_पॅसेंजर: तेच म्हणतोय, साडी कव्हर. त्यात टाकायचा प्रश्नच नाही.

माळ्यावरची: सात घरं पाहिली, दहा झाली नाहीत. यादीतलं काहीच घेत नाहीये. श्रावणात कानबाईचा सण असतो, त्याच्या आधी घर धुवायला माळ्यावरचं सगळं खाली येतं आणि काय कुठे होतं ते कुणालाच आठवत नाही. म्हणून माळ्याची पिशवी: जाड कापड, दोन्ही बाजूंना पट्टे, समोर पारदर्शक खिडकी. श्रावणाच्या आत गल्लीतच विकायची, ऑनलाइन नंतर. ३०० नग शिवायला टाकले.

हिशेबनीस_धुळे: ३००? मी ५० म्हटलं होतं.

माळ्यावरची: ५० ला शिवणाऱ्या मावशी भाव देईनात.

नानी_अमळनेर: त्यात कुरडया मावतील का?

भुसावळ_४७: चेन कोणती लावलीय ते आधी सांगा.