मदत हवी आहे: शिकलेला माणूस परदेशी गेला की तिजोरीला पडणारा खड्डा कसा मोजायचा?

मंडळी, एका प्रकल्पासाठी हिशेब मांडतोय आणि पार गुंतलोय. ब्रेन ड्रेन चांगलं की वाईट, हा वाद कृपया इथे नको. मला फक्त सरकारी तिजोरीचं नुकसान काढायचंय.

समजा, एका डॉक्टरच्या शिक्षणावर सरकारचे १० लाख गेले. तो देशात राहिला असता तर ३० वर्षं दरवर्षी २ लाख कर भरला असता आणि सरकारचा त्याच्यावर १ लाख खर्च झाला असता. म्हणजे निव्वळ तोटा वर्षाला १ लाख. पुढच्या वर्षांचा रुपया आजच्यापेक्षा कमी मोलाचा धरून, ३० वर्षांच्या या तोट्याचं आजचं मूल्य वर्षाला ६ टक्के दराने काढलं तर सुमारे १३.८ लाख, ३ टक्क्यांनी १९.६. नुसता दर बदलला की एवढा फरक! कोणता धरू?

त्याहून छळणारा प्रश्न म्हणजे या १३.८ मध्ये शिक्षणाचे १० मिळवायचे का? मार्गदर्शक म्हणतात, मिळव. मला ते एकच गोष्ट दोनदा मोजल्यासारखं वाटतं.

शिवाय तो गेल्याने १ लाख खरंच वाचतात का? दवाखाना, निवृत्तिवेतन ठीक. पण संरक्षण आणि जुन्या कर्जाचं व्याज एका माणसाने काही कमी होत नाही.

घरी पाठवलेल्या पैशांतून होणाऱ्या खरेदीवरचा अप्रत्यक्ष कर वजा करणार आहे. अर्थतज्ज्ञ जगदीश भगवतींनी १९७० च्या दशकात सुचवलेला, परदेशी गेलेल्यांच्या कमाईवरचा कर मात्र बाजूला ठेवलाय. अमेरिका आपल्या नागरिकांना ते कुठेही राहिले तरी कर लावते, इरिट्रिया २ टक्के मागतं, पण तो वसुलीचा विषय झाला.

प्रतिसाद १: तुमचं बरोबर आहे. ते १० लाख तो राहिला तरी गेलेलेच होते. त्यांची परतफेड म्हणजेच पुढचा कर, आणि तो तुम्ही धरलाय. डॉक्टरकीच्या शिक्षणाच्या जागा वाढवायच्या का, असा प्रश्न असता तर १० धरावे लागले असते. आणि त्याच्या जागी दुसरं कोणी लागून कर भरू लागलं, तर तोटा आणखी घटतो. ते तक्त्यात दिसत नाही.

प्रतिसाद २: कराचा आकडा ३० वर्षं तोच ठेवलाय, म्हणजे महागाई वगळून. मग दरही महागाई वगळूनच हवा. ६ टक्के कुठून आणलेत?

धागाकर्ता: सरकारी रोख्यांचा दर उचलला, महागाईसकट. तिथेच माती खाल्ली. आज रात्री तक्ता पुन्हा मांडतो.