घरात दोन राऊटर : डीएचसीपी नेमके कोणावर चालू ठेवावे?

प्रश्न
इंटरनेट कंपनीने बसवलेला राऊटर आमच्या खालच्या हॉलमध्ये आहे. वरच्या खोल्यांत रेंज येत नसल्यामुळे कपाटात पडून असलेला जुना राऊटर मी वर लावला, खालून आणलेली केबल त्याच्या लॅन (घरातल्या नेटवर्कच्या) पोर्टमध्ये जोडली आणि वायफायचे नाव व पासवर्ड दोन्हींकडे सारखेच ठेवले. तेव्हापासून फोन कधी नीट चालतो, तर कधी वायफाय जोडलेले दिसूनही इंटरनेट मिळत नाही. नीट चालतो तेव्हा त्याचा आयपी पत्ता १९२.१६८.१.१०४ असतो, अडतो तेव्हा १९२.१६८.०.१०३. प्रिंटरला मी हाताने १९२.१६८.१.१०५ हा पत्ता दिला आहे, तरी तोही अधूनमधून सापडत नाही.

उत्तर १
डीएचसीपी, म्हणजे उपकरणांना आपोआप आयपी पत्ते वाटण्याचे काम, फक्त खालच्या राऊटरवर ठेवा. तुम्ही दिलेल्या पत्त्यांतला तिसरा आकडाच दुखणे सांगतो : १ असेल तर पत्ता खालच्या राऊटरने दिला, ० असेल तर वरच्याने; म्हणजे सध्या दोघेही पत्ते वाटत आहेत. फोन नेटवर्कवर येताच 'मला पत्ता द्या' अशी हाक सर्वांना मारतो आणि बहुधा ज्याचे उत्तर आधी येईल त्याचा पत्ता घेतो. वरच्या राऊटरने बाजी मारली, की फोनला गेटवे (इंटरनेटकडे जाण्याचे दार) म्हणून वरच्या राऊटरचाच १९२.१६८.०.१ हा पत्ता मिळतो आणि त्या राऊटरला तर बाहेरची वाटच नाही. वरच्या राऊटरचा लॅन पत्ता १९२.१६८.१.२ करा आणि मग त्याचे डीएचसीपी बंद करा. केबल आहे तिथेच राहू द्या.

उत्तर २
प्रिंटरचे कारण वेगळे असावे. खालच्या राऊटरचा वाटपाचा पट्टा (पत्त्यातला शेवटचा आकडा) १०० ते १९९ असा असेल, तर १०५ त्यातच येतो. प्रिंटर बंद असताना राऊटर तोच पत्ता दुसऱ्या कोणाला देऊन मोकळा होतो, कारण तुम्ही हाताने काय भरले हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. प्रिंटर पुन्हा स्वयंचलित पत्त्यावर आणा आणि राऊटरच्या 'ॲड्रेस रिझर्व्हेशन'मध्ये त्याचा मॅक पत्ता (उपकरणाचा स्वतःचा ओळख क्रमांक) नोंदवून त्यापुढे एक आयपी कायमचा राखून ठेवा. प्रिंटरने छापलेल्या नेटवर्क माहितीच्या पानावर मॅक पत्ता सापडतो. मी स्वतः प्रत्येक उपकरणात शिरून आकडे भरण्यापेक्षा ही एकाच ठिकाणची नोंद पसंत करतो.

प्रश्नकर्ता
घाईत क्रम चुकला. केबल काढून लॅपटॉप थेट वरच्या राऊटरला जोडला आणि आधी डीएचसीपीच बंद केले. आता लॅपटॉपला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसतो आणि राऊटरचे पान उघडत नाही.

उत्तर १
पत्ता देणारा कोणीच न भेटल्यामुळे लॅपटॉपने तो स्वतःच घेतला आहे. राऊटर रिसेट करू नका, डीएचसीपी पुन्हा चालू होईल. लॅपटॉपला तात्पुरता १९२.१६८.०.५० हा पत्ता आणि २५५.२५५.२५५.० हा सबनेट मास्क (पत्त्याचा कोणता भाग नेटवर्कचा हे सांगणारा आकडा) द्या, १९२.१६८.०.१ उघडून राऊटरचा पत्ता बदला आणि केबल परत लावा. त्यानंतर लॅपटॉप मात्र आठवणीने स्वयंचलित पत्त्यावर आणा.