विषय: या गोंगाटाला मी का जाऊ?

मंडळी,
लेकीने शनिवारच्या मेटल (म्हणजे हेवी मेटल, कर्कश रॉक) कॉन्सर्टची दोन तिकिटं काढली आहेत आणि त्यातलं एक माझं आहे असं परस्पर ठरवलंय. तयारी म्हणून त्या बँडची तीन गाणी फोनवर लावली. खिळ्यांनी भरलेला डबा कुणी जिन्यावरून सोडून द्यावा, तसं वाटलं. मी काही अगदी सोवळ्यातला नाही. डीप पर्पल या रॉक बँडच्या ‘मेड इन जपान’ची कॅसेट फीत तुटेपर्यंत ऐकली आहे. पण तिथे गाणं होतं, ऑर्गन होता, मध्येच श्वास घ्यायला जागा होती. तिथून हे लोक इथवर कसे आले? जाणकारांनी जरा सांगावं, म्हणजे पोरीसमोर निदान तोंड उघडता येईल.

रि: या गोंगाटाला मी का जाऊ?

काका, चूक फोनची आहे. एवढ्याशा स्पीकरला खालचे स्वर झेपत नाहीत. तुम्ही बेस आणि मोठा ड्रम वगळून मेटल ऐकलंत, मग उरणार ते खिळेच.

आणि बी तुमच्या डीप पर्पलमध्येच आहे की! जॉन लॉर्ड आपला हॅमंड ऑर्गन मुद्दाम मार्शल अँप्लिफायरमधून वाजवायचा, आवाज खरखरीत व्हावा म्हणून. त्याच सुमाराला इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅममध्ये ब्लॅक सॅबथ हा बँड. त्यांचा गिटारवाला टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात होता. १७व्या वर्षी, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, यंत्रात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. गडी डावखुरा, म्हणजे नेमका तारा दाबायचा हात. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, बारीक तारा चढवल्या आणि १९७१च्या अल्बममध्ये तर गिटार तीन अर्धस्वर खाली उतरवली. तार ढिली झाली, बोटांचा त्रास कमी झाला आणि आवाज जड, काळोखा झाला. पुढे धडधाकट बोटांचे लोकही मुद्दाम तारा उतरवायला लागले.

१३ फेब्रुवारी १९७०ला आलेल्या त्यांच्या पहिल्या अल्बमचं शीर्षकगीत ऐका. सा, वरचा सा आणि मग तीव्र मध्यम. बस. पंचमाची वाट बघणारा कान तिथेच लटकतो. गिटारवर एकदम छेडलेल्या स्वरांना कॉर्ड म्हणतात, आणि यांची जी पॉवर कॉर्ड, त्यात नुसते सा-प, गंधार नाहीच. एवढ्या फाटलेल्या आवाजात गंधार घातला की चिखल होतो, सा-प मात्र टिकतात. तानपुरा ऐकलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

पुढचे बँड घाईघाईत: जुडास प्रीस्टने ब्लूज बाजूला सारून दोन गिटारी जोडीने पुढे आणल्या, आयर्न मेडनने १९८०पासून त्यांना गुणगुणता येतील अशा धुना दिल्या, मेटालिकाने १९८३ला त्यात पंक रॉकचा वेग मिसळला. स्लेयरने १९८६ला अख्खा अल्बम अर्ध्या तासाच्या आत संपवला. ग्लॅमवाल्यांबद्दल, म्हणजे मेकअप आणि चमकदार कपडे घालणाऱ्या बँड्सबद्दल, मी बोलणार नाही.

तिथे गेल्यावर आवाज जुळवायच्या टेबलाच्या, म्हणजे मिक्सरच्या, जवळ उभे राहा. आवाज जुळवणाऱ्याला जे ऐकू येतं तेच तुम्हालाही येईल.

रि: रि: या गोंगाटाला मी का जाऊ?

काका, इअरप्लग घाला, लाजू नका. १०० डेसिबलला १५ मिनिटांच्या वर थांबू नये म्हणतात आणि कॉन्सर्ट चालतो दोन तास. कापसाचे बोळे चालत नाहीत. पण जा नक्की. ५ जुलै २०२५ला ब्लॅक सॅबथचा शेवटचा कार्यक्रम त्यांच्याच बर्मिंगहॅममध्ये झाला. त्यांचा गायक ऑझी, त्याला उभं राहवत नव्हतं, तो सिंहासनावर बसून गायला आणि १७ दिवसांनी गेला. मी नंतर फक्त पडद्यावर पाहिलं, त्याची हळहळ अजून आहे.
आणि ग्लॅमवाल्यांची बदनामी थांबवा.

रि: रि: रि: या गोंगाटाला मी का जाऊ?

मंडळी, जाऊन आलो.
मिक्सरला टेकून उभा होतो. पहिला ठोका पडला तो कानात नाही, शर्टात. छातीवरचं कापड हललं, खिशातला चष्मा थरथरला. तिसरं गाणं काही केल्या हाताला लागेना, म्हणून बोटांवर मोजलं. सात मात्रा, तीन-दोन-दोन. सरळ सरळ रूपक! मग मजा कळली. दर आवर्तनाला समोरची सगळी डोकी समेवर एकदम खाली. आपण बैठकीत मान हलवतो तेच, फक्त हे कमरेपासून. त्यातला एकही मोजत नसावा, पण सम कुणाची चुकत नव्हती.

मध्येच रिंगण झालं आणि पोरं एकमेकांवर आदळायला लागली. लेकीला मागे ओढणार तोवर ती आत पोचलेली. एक जण पडला, तसे चार हात खाली गेले आणि तो पुन्हा उभा. हे इतक्या सहज झालं की मी आरडाओरडा करायचंच विसरलो.

शब्द एक कळला नाही. तसं म्हणालो, तर लेक म्हणते, “बाबा, तुमच्या तराण्यात कुठे कळतात?”

ड्रमचा सोलो मात्र लांबला, हे माझं मत कायम. आणि सगळं द्रुतच का? यांच्यात विलंबित काही असतं की नाही?

रि: रि: रि: रि: या गोंगाटाला मी का जाऊ?

असतं की काका. डूम म्हणतात त्याला, सॅबथच्याच घराण्यातलं. एकेक गाणं पंधरा-पंधरा मिनिटं. यादी संध्याकाळी पाठवतो, फक्त फोनवर ऐकू नका.